यासीन नालबंदाचा बैल

यासीन माणसाकडे खालून वर बघायचा. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर. आणि तोंडाकडे लक्ष गेलंच तर सगळ्यात शेवटी. भोरमधल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली की मान न वळवता सांगायचा, "शेटे सर आले. आज पिशवी डाव्या हातात हाय." आणि क्लासचे मालक शेटे सर खरोखरच डाव्या हातात पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. पोरं टाळ्या पिटायची. मला कौतुक वाटायचं नाही. क्लासचा शिक्षक मी होतो, आणि टाळ्या त्याला पडत होत्या.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मी प्रवेशाचा फॉर्म भरून घेत होतो.

"नाव?"

"यासीन नालबंद," तो म्हणाला. नजर माझ्या टेबलाखाली. "सर, बूट नवीन हायेत न्हवं? डावा चावतोय."

डावा खरंच चावत होता. वेल्हे तालुक्यातल्या डोंगरातलं आमचं गाव. आमच्या सगळ्या भावकीत पदवीधर झालेला पहिला माणूस मी. वडिलांच्या पायात जन्मभर टायरच्या पायताणाशिवाय काही आलं नाही. बी.एस्सी. झाल्यावर मी ते काळे बूट घेतले आणि चावले तरी ऐटीतच चालायचं असं ठरवलं. तीन महिने चाललोही. आईला कळलं नव्हतं, खोलीत राहणाऱ्या जोडीदाराला कळलं नव्हतं. ह्याला बसल्याजागी कळलं.

"शिक्षण?" मी आवाज चढवून विचारलं.

"दहावी नापास. दोन डाव. इंग्रजीत."

ते मी फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं. लिहिताना बरं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

नालबंद म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारे. भोरमधलं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेलं. त्याचे वडील उस्मानभाई भोरच्या बाजारात बसायचे, वेल्ह्याच्या बाजारालाही यायचे. माझ्या वडिलांची आणि त्यांची चांगली ओळख. पण ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि उस्मानभाईंचा हातोडा आठवड्यातले पाच दिवस पिशवीतच राहायला लागला. यासीन सकाळी कापूरहोळच्या एका गॅरेजात काम करायचा आणि दुपारी काळे हात रॉकेलनं पुसून क्लासला यायचा. माझ्या की-बोर्डाला तो वास कायमचा लागला होता.

तुला अॅनिमेशन कशाला शिकायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर ऐकून अख्खा वर्ग लोळला.

"टीव्हीवर एका जाहिरातीत घोडा पळतोय, सर. कॉम्प्युटरवर केलेला. त्यो मागच्या उजव्या पायानं लंगडतोय. ज्यानं केलाय त्येला कोन सांगनार? म्हनून म्हनलं, आपनच शिकावं."

शेटे सरांनी तेव्हा थ्रीडी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर नुकतंच आणलं होतं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. भोरमध्ये कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग आणि हिशेब, अशी समजूत असलेले ते दिवस. हे नवीन शास्त्र मलाही कुणी शिकवलेलं नव्हतं. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरांसमोर जन्मापासून येत असल्यासारखं सांगायचं, अशी माझी शिकवणी. पण इंग्रजी वाचणारा तिथं मी एकटा. त्या पुस्तकाची किल्ली माझ्या खिशात होती, आणि किल्ली असणाऱ्याचा रुबाब मला आवडायचा.

पडद्यावर चार चौकटी असतात. एकीत वस्तू वरून दिसते, दुसरीत समोरून, तिसरीत बाजूनं, आणि चौथीत डोळ्याला दिसते तशी. शिकणाऱ्याची पहिली फजिती हीच. एका चौकटीत ठोकळा टेबलावर ठेवलेला दिसतो आणि दुसऱ्या चौकटीत बघावं तर तो टेबलापासून हातभर लांब हवेत तरंगतोय. मला हे उमगायला आठ दिवस लागले होते. यासीननं एकदा चारी चौकटींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "पत्री माराया बैल पाडल्यावर असंच बघाया लागतं की. एका बाजूनं बघून खिळा मारला तर खुरातल्या जित्या मासात जातो."

आठ दिवस आणि एक मिनिट. त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

दुसऱ्यांदा दुखलं ते चेंडूच्या धड्याला. जमिनीवर पडून उसळणारा चेंडू हा प्रत्येक नवशिक्याचा धडा. मी फळ्यावर गुरुत्वाकर्षणाचं सूत्र मांडलं, पहिली उसळी किती, दुसरी किती, सगळं गणितानं काढून दाखवलं. यासीननं हात वर केला. "चेंडू कशाचा, सर?"

"कशाचा म्हणजे? चेंडू आहे."

"रबरी, कातडी, का लोखंडी? त्येला कळाया नगं का आपुन कोन हाय ते?"

आणि त्यानं तीन चेंडू केले. तिन्हींचा रंग एकच, आकार एकच. एक पडला आणि उड्या मारत गेला. दुसरा पडला, दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि कंटाळला. तिसरा पडला तो पडलाच. मागे बसलेल्या एका मुलीनं पाय वर घेतले. शेटे सर दारातून बघत होते. ते मला म्हणाले, "सदाशिव, ह्या पोराला तू फार छान तयार केलंयस हां!" मी हसलो. मी त्याला काहीच तयार केलेलं नाही हे मला माहीत होतं, आणि ते यासीनलाही माहीत होतं. तो खाली माझ्या बुटांकडे बघत होता.

मग ती पुण्याची बातमी आली. शेटे सरांच्या ओळखीच्या एका माणसाचा पुण्यात जाहिराती बनवायचा स्टुडिओ होता. त्याला एक शिकाऊ माणूस हवा होता. एकच. अट अशी की दहा सेकंदांचं अॅनिमेशन करून पाठवायचं: कुणीतरी चालत आलं पाहिजे. माणूस, जनावर, काहीही, पण चालत. मला धरून वर्गातल्या सहाजणांपैकी चौघांनी लगेच अंग काढून घेतलं. राहिलो मी आणि यासीन.

ही नोकरी माझी, असं मी धरूनच चाललो होतो. गावी तसं सांगूनही आलो. वडिलांनी चावडीवर चारचौघांत सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं. पदवी हाती येऊन वर्ष उलटलं होतं आणि गावात लोक आता "काय रं, भोरातच का अजून?" असं विचारायला लागले होते. बी.एस्सी. झालेल्या पोरानं दहावी नापास पोराकडून हरायचं, हे माझ्या कल्पनेतही बसत नव्हतं. कल्पनेत बसत नव्हतं, पण त्याचे ते तीन चेंडू डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

शेटे सर म्हणाले, "तुम्ही दोघं पुस्तकाची एकेक झेरॉक्स करून घ्या." झेरॉक्सच्या दुकानात मी गेलो. त्या पुस्तकात एक प्रकरण होतं, पाय चालवण्याचं. साधं सांगायचं तर असं: थ्रीडीतला पाय म्हणजे एकमेकाला जोडलेले तुकडे, मांडी, नडगी, पाऊल. मांडी हलवली की खालचं सगळं हलतं, म्हणून टेकवलेलं पाऊल जमिनीवर घसरत राहतं. पण त्या प्रकरणात एक युक्ती दिली होती. ती केली की पाऊल जमिनीला चिकटून बसतं आणि गुडघा आपोआप वाकतो. त्या युक्तीशिवाय चाल करायची तर प्रत्येक सांधा, प्रत्येक चित्राला, हातानं फिरवावा लागतो. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. दहा सेकंदांना अडीचशे. आणि चार पायांचं जनावर असेल तर विचारूच नका.

झेरॉक्सवाल्याला मी दुसरी प्रत काढायला सांगितली तेव्हा ती पानं बाजूला काढून घेतली. स्पायरल बाइंडिंग झालं. वही जाड होती, कुणाला कळण्यासारखं नव्हतं. त्याला इंग्रजी येत नाही, दिली काय आणि नाही दिली काय, असं मी जिना चढताना स्वतःला सांगितलं. मग ती वही त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती उघडून पानं फर्रकन्‌ सोडली, पत्ते पिसतात तशी, आणि म्हणाला, "लई उपकार झालं, सर."

दीड महिना आम्ही दोघं शेजारशेजारच्या मशीनवर बसलो. मी यंत्रमानव केला. आरशासारखा चकचकीत, डोळ्यांत निळे दिवे, छातीवर स्टुडिओचं नाव. युक्ती वापरून त्याचे पाय जमिनीला चिकटवले. यासीननं केले राखाडी ठोकळे. एक मोठा ठोकळा, त्याला चार बाजूंना लहान ठोकळे, पुढं एक मानेचा. शिंगं नाहीत, शेपूट नाही, डोळे नाहीत. "हे काय?" मी विचारलं. "बैल," तो म्हणाला. मला हायसं वाटलं.

त्याचं पाऊल घसरायचं, हे मी तिरक्या नजरेनं रोज बघायचो. बघून मला रात्री झोप चांगली लागायची. मग एका दुपारी तो स्केचपेन घेऊन आला आणि मॉनिटरच्या काचेवर, खूर टेकला होता तिथं, त्यानं सरळ एक लाल ठिपका मारला. पुढचं चित्र काढून खूर पुन्हा त्या ठिपक्याखाली आणला. मग पुढचं. मग पुढचं.

"अरे, काच खराब करतोस!" मी ओरडलो. "बापाची आहे का?"

"पुसून देतो, सर. खिळा मारलाय. आता न्हाई हालायचा."

चार खुरांना चार रंग. संध्याकाळी काच पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके. एकदा वीज गेली आणि सेव्ह न केलेलं दोन दिवसांचं काम गेलं. मी मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो म्हणाला, "पत्री पडली तर बैलाला शिव्या देऊन काय व्हनार? फिरून मारायची." आणि पाटी कोरी करून पहिल्यापासून बसला. अधूनमधून उठून क्लासच्या व्हरांड्यात हात जमिनीला टेकवून चार पायांवर चालायचा. पोरं फिदीफिदी हसायची. तो म्हणायचा, "हसा, हसा. आमच्यात बैल चालवून बघितल्याबगर पत्रीला हात लावत न्हाईत. धा पावलं जायचं, धा पावलं यायचं. बैल काय सांगायचं ते चालीत सांगतो."

"आणि लाथ मारली तर?" मी विचारलं. उगाच. त्याला डिवचायला.

"तर थांबायचं. लाथ मारनारा बैल वाईट नसतो, सर. त्येला कुठंतरी दुखत असतं. आदी त्ये हुडकायचं."

मी माझ्या यंत्रमानवाच्या डोळ्यांतले दिवे जास्त निळे करत बसलो.

काम पाठवायच्या आठवड्यात माझे वडील बाजाराला भोरला आले आणि घेवड्याच्या शेंगांची पिशवी द्यायला क्लासवर चढले. पायताण दाराबाहेर काढून आत आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि आधी माझा यंत्रमानव दाखवला. वडिलांनी तो नीट बघितला. दहा सेकंद संपली.

"झाक हाय," ते म्हणाले. "भांड्यावानी चमाकतोय." मग जरा थांबून, "पर ह्येला भूक लागत नसंल, न्हाई का?"

यासीन माझ्या मागून हळूच म्हणाला, "मामा, त्यो जिमिनीवर हाय, पर जिमिनीला ठावं न्हाई."

वडील हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना फार दिवसांत ऐकलं नव्हतं. आणि हसत हसत त्यांची नजर यासीनच्या पडद्यावर गेली. तिथं त्याचे ठोकळे चालत होते. वडील खुर्चीवरून उठले. पडद्याजवळ गेले. ठोकळे डावीकडून आले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडून आले. पुढचा डावा पाय दर वेळी किंचित बाहेरून यायचा आणि टेकायच्या आधी हवेत क्षणभर थांबायचा, जमिनीला विचारल्यासारखा.

"आरं," वडील म्हणाले, "ह्यो पवळ्या हाय."

पवळ्या आमचा बैल. लहानपणी त्याच्या पुढच्या डाव्या खुराला फाळ लागला होता. तेव्हापासून तो ते पाऊल असं जपून टाकायचा. आदल्या वर्षी म्हातारा होऊन गेला. शाळेतून आल्यावर त्याचा कासरा धरून मी आठ वर्षं त्याच्या मागं चाललो होतो. आठ वर्षं. आणि दीड महिना शेजारी बसून मला तो ओळखू आला नव्हता.

"व्हय, मामा," यासीन म्हणाला. "वेल्ह्याच्या बाजारात अब्बा पत्री मारायचे तवा म्या त्येचा पाय धरायचो. शंभर बैलांचं पाय धरलं आसतील. ध्यानात ह्यो एकच ऱ्हायला. पाऊल टाकायच्या आदी इचार करायचा."

वडिलांनी बोटं काचेला लावली. ठिपके फिसकटले, हाताला रंग लागला, तरी त्यांना भान नव्हतं. मी पदवीचा कागद घरी नेला होता तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावून देवळीत ठेवला होता. पण त्या कागदाकडे त्यांनी असं बघितलं नव्हतं. वाचता येत नसलेल्या माणसानं कागदाकडे किती बघायचं? इथं त्यांना सगळं वाचता येत होतं. तेव्हा माझं जे झालं त्याला हेवा हा शब्द पुस्तकी आहे. माझ्या बापाचं ते बघणं दुसऱ्यानं मिळवलं होतं, माझ्याच गोठ्यातल्या बैलावर.

निकाल काय लागायचा तो लागला. शेटे सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा तो रोबो त्यांना फार स्वच्छ वाटला." स्वच्छ!

यासीन निघाला त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो नसतो तर सगळ्यांना कारण कळलं असतं. उस्मानभाई पत्र्याच्या पेटीवर बसले होते. पुण्याची गाडी लागली. यासीननं पिशवीतून ती स्पायरलची वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"ऱ्हावू दे तुमच्याकडं. फुडच्या पोरांना हुईल. फकस्त एकशे बारा पानानंतर येकदम एकशे एकतीस हाय. तेवढी अठरा पानं घालून द्या त्यास्नी."

गाडीचं इंजिन धडधडत होतं.

"तुला कधी कळलं?"

"हातात दिली तवाच. इंग्रजी येत न्हाई, सर. आकडं येत्यात."

"मग बोलला का नाहीस? शेटे सरांना सांगायचंस. मला शिव्या द्यायच्यास."

त्यानं खाली बघितलं. आधी माझे पाय, मग गुडघे, मग कंबर. सावकाश. मग, त्याच्या सवयीप्रमाणे सगळ्यात शेवटी, माझ्या तोंडाकडे.

"आता बूट चावत न्हाईत न्हवं?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला. सापडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

नंतर कळलं, पुण्याच्या साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की खूर एवढा टिकला कसा. आणि ह्यानं काचेवरच्या ठिपक्यांचं सांगितल्यावर ते म्हणाले, हाताचं काम दिसत होतं, म्हणूनच तुला घेतलं. ती अठरा पानं मी दिली असती तर त्याचाही बैल कदाचित माझ्या यंत्रमानवासारखाच स्वच्छ चालला असता. या विचारानं मला समाधान वाटायला हवं. वाटत नाही. माझ्या वाईटपणाचाही फायदा त्यालाच झाला, एवढंच वाटतं.

मी अजून भोरलाच आहे. वडील आता माझ्याजवळच राहतात. तो क्लास आता मी चालवतो. वहीत ती अठरा पानं घातली आहेत; नवीन पोरांना ती मी सगळ्यात आधी शिकवतो, आणि त्यांची माणसं, जनावरं बिनचूक चालतात. यासीन पुढं मुंबईला गेला. सणाला येतो म्हणतात, उस्मानभाईंच्या घरी. माझ्याकडे कधी आला नाही, आणि मीही गेलो नाही.

पण टीव्हीवर कधी एखाद्या जाहिरातीत कॉम्प्युटरवर केलेलं जनावर चालत येतं. मी आधी त्याचे पाय बघतो. आता ती सवय मलाही लागली आहे. आणि पाऊल टाकायच्या आधी ते जनावर क्षणभर थांबलं, तर मी शेजारी बसलेल्या वडिलांकडे बघत नाही. मला माहीत असतं ते कसे बघत असतील. माझं दुखणं पुन्हा जागं होतं, आणि ते नेमकं कुठं दुखतं हे ठाऊक असलेला माणूस एकच.